गाडी बोटीने, पोरं विमानाने

आमच्या कॉलेजची रेसिंग कार जर्मनीला निघायची म्हटली की आधी एक यादी करावी लागते. तिला एटीए कार्नेट म्हणतात, म्हणजे सामानाचा पासपोर्ट. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू त्यात किमतीसकट लिहायची: गाडी, जॅक, टॉर्क रेंच, दहाचा पाना. जे गेलं ते सगळं परत आलं पाहिजे. एखादी वस्तू तिकडेच राहिली तर तिची ड्यूटी अंगावर येते. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग-फिटिंग शिकवतो. पोरं मला मामा म्हणतात. कुठला पाना कुठल्या खणात आहे हे मलाच ठाऊक असल्याने ही यादी माझ्याच गळ्यात पडते.

स्पर्धेचं नाव फॉर्म्युला स्टुडंट. स्पर्धा मूळची अमेरिकेतली, १९८१ साली टेक्सासमध्ये सुरू झालेली. जर्मनीत ती २००६ पासून हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर ऑगस्टात होते. विद्यार्थ्यांनी एका माणसाची छोटी रेसिंग कार स्वतः आखायची, बनवायची आणि चालवून दाखवायची. लोकांना वाटतं, पोरं शर्यतीला गेली. पण इथे गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत, घड्याळाशी भिडतात. शिवाय हजार गुणांपैकी बरेचसे गाडी जागेवर उभी असतानाच मिळतात किंवा जातात: डिझाइनचे, खर्चाच्या हिशेबाचे, धंद्याच्या आराखड्याचे. आमच्यासारख्या बऱ्याच भारतीय टीम केटीएम ३९० चं इंजिन वापरतात. कंपनी ऑस्ट्रियाची, पण इंजिन आमच्या चाकणचं. तिकडच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

आता बोटीचं. स्पर्धा ऑगस्टात, आणि गाडी न्हावा शेवाहून समुद्रमार्गे जाणार म्हणजे महिना-दीड महिना धरावाच लागतो. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा तर आणखीच उशीर. विमानाने पाठवायची तर भाडं ऐकूनच खजिनदार पोरगा खाली बसतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर लिथियमच्या बॅटरीला धोकादायक मालाचे नियम लागतात, ते वेगळंच दुखणं. थोडक्यात काय, आमची गाडी मे-जूनमध्ये, ऐन परीक्षेच्या दिवसांत पेटीत बंद होते. जर्मन टीम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत गाडी पळवून बघत असते. २०२३ साली झुरिकच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली इलेक्ट्रिक गाडी शून्यापासून ताशी शंभरवर ०.९५६ सेकंदात नेली. जागतिक विक्रमच. तो त्यांनी केला शहराला लागूनच असलेल्या ड्युबेनडॉर्फच्या जुन्या विमानतळावर. अक्कल आमच्या पोरांकडेही आहे हो. गाडी चालवून बघायला मिळणारे दिवस नाहीत. म्हणून आता आमच्याकडे चासिसचं वेल्डिंग दिवाळीआधी संपलंच पाहिजे, असा नियम मी केला आहे. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

तिथे पोचल्यावर पहिली अडचण तपासणीची. नियमपुस्तक हातात घेऊन माणसं गाडीभोवती फिरतात. धिप्पाड माणसाच्या मापाचा एक साचा कॉकपिटमध्ये बसवून बघतात, त्याला सगळे पर्सी म्हणतात. ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवायचं, तेही सगळे पट्टे बांधलेले असताना. मग गाडी एका फळीवर चढवून साठ अंशांत कलती करतात. तेल, पेट्रोल, पाणी, थेंबही सांडता कामा नये. ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकदम अडकली पाहिजेत. एकेक पायरी पार पडली की गाडीच्या नाकावर एक स्टिकर. सगळे स्टिकर मिळाल्याशिवाय ट्रॅक नाही. काही टीम तपासणीच्या रांगेतच आठवडा काढून घरी परततात.

याच रांगेत पोरं सर्वांत जास्त शिकतात असं माझं मत आहे. शेजारच्या तंबूतून कोणी तरी येतं, खुणेनेच पाना मागतं, आणि तासाभराने तिकडचा एक जण आमच्या ब्रेकची हवा काढायला गुडघे टेकून बसलेला असतो. गुणांच्या तक्त्यावर तो प्रतिस्पर्धीच असतो. मी मात्र कार्नेटची यादी काढून पान्यापुढे पेन्सिलीने खूण करतो.

डिझाइनच्या परीक्षेला मी मागे उभा राहून ऐकत होतो. परीक्षक म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांत आयुष्य घालवलेली माणसं. त्यांचा प्रश्न एकच, नाना तऱ्हेने विचारलेला: का? हा पाइप इथेच का? स्प्रिंग एवढीच कडक का? ‘सीनियरनी असंच केलं होतं’ म्हटलं की संपलं. ‘सॉफ्टवेअरमध्ये असं आलं’ म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार: मग गाडीवर मोजून पाहिलंत का? आपल्याकडे तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल व्याख्या विचारतो, पोरगा व्याख्या म्हणतो, दोघेही चहाला मोकळे. इथे पाठ केलेलं काही चालत नाही.

एका परीक्षकाने चासिसच्या सांध्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हे वेल्डिंग बाहेरून करून आणलंत का?’ बार्शीची एक मुलगी पुढे झाली. म्हणाली, ‘मी केलंय.’ तिने पिशवीतून सांध्याचे कापलेले तुकडे काढले. आतपर्यंत वितळलंय की नाही ते बघायला आम्ही नमुने करवतीने कापतो. नीट जमलेले तर तिने दाखवलेच, पण फसलेलेही दाखवले, आणि करंट किती होता, आर्गन कुठे कमी पडला, ते सांगितलं. परीक्षकाने फसलेला तुकडाच हातात घेतला आणि दोघं त्यावरच बोलत बसले. हे नमुने जपून ठेवायची सवय मी लावली होती, त्यामुळे मागे उभ्या उभ्या माझी कॉलर थोडी ताठ झाली, हे कबूल.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कॉलेज पैसे देतं ते गाडीला. तिकीट, व्हिसा, राहणं हे ज्याचं त्याने बघायचं. वर्षभर ग्राइंडर हातात धरलेला पोरगा पेटीचे खिळे ठोकतो, ट्रकला हात दाखवतो आणि पुण्यातच राहतो, कारण घरी एवढे पैसे नसतात. त्याच्या बायोडेटात प्रोजेक्ट येतं, हॉकेनहाइम येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते नेमकं हॉकेनहाइमचंच.

यंदाच्या टीमने यावर एक तोडगा काढला. स्पॉन्सरचा पहिला चेक तिकिटांना. ज्यांनी वर्कशॉपच्या वहीत सर्वांत जास्त तास भरलेत आणि ज्यांच्या घरून पैसे येणं शक्य नाही, त्यांची तिकिटं आधी. कार्बन फायबरची सीट रद्द. ड्रायव्हर जुन्याच सीटवर बसेल. दोन पोरांचे पासपोर्टचे अर्ज गेल्या आठवड्यात गेले. एकाच्या जन्मदाखल्यात आडनाव चुकलंय, त्यासाठी त्याचे वडील तहसील कचेरीत खेटे घालतायत.