पोच

कोकण मनीऑर्डरवर जगते, असे म्हटले जाई त्या काळात मनीऑर्डरच्या फॉर्मला एक भाग जोडलेला असे. त्याचे नाव पोचपावती. परळ-लालबागच्या टपाल कचेरीत चाकरमान्याने पैसे भरले की मालवण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पोस्टमन ते मोजून देई, आणि घेणारीची सही किंवा अंगठा त्या भागावर उमटून तो मुंबईला परत जाई. ती पोच हातात आली की चाकरमानी निर्धास्त होई. पोच म्हणजे पैसे निघाले असे नव्हे, वाटेत आहेत असेही नव्हे, पैसे पोचले. १८८० साली भारतात सुरू झालेली ती मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

हा लेख मनीऑर्डरवर नाही, ईमेलच्या सर्व्हरवर आहे. असा सर्व्हर किती काम करू शकतो हे कसे मोजावे, आणि मोजताना माणूस कुठे फसतो, हा त्याचा विषय. पण ज्या चुकीतून मी हे शिकलो तिच्या मुळाशी पोचच होती, म्हणून सुरुवात तिथून केली.

मालवणात माझ्या एका मित्राचा न्याहारी-निवासाचा व्यवसाय आहे. त्याने आणि ओळखीच्या आणखी काही जणांनी मिळून एक जुना, पण चांगल्या बनावटीचा व्यावसायिक सर्व्हर विकत घेतला आणि सर्वांची ईमेल त्यावर ठेवली. यंत्र बसवून देण्याचे आणि त्याची क्षमता मोजण्याचे काम माझ्याकडे होते. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी विजा कडाडल्या, दिवे गेले, इन्व्हर्टरने दगा दिला आणि सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर तो मुकाट्याने सुरूही झाला. दोन दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी खोल्या मागणारी ईमेल पाठवली होती. त्यांच्या बाजूच्या नोंदीत आमच्या सर्व्हरने ती स्वीकारल्याचे स्पष्ट दिसत होते. आमच्याकडे तिचा मागमूस नव्हता. खोल्या तोवर दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या. मित्र एवढेच म्हणाला, "पोच आसा, मगे पत्र खंय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दोन सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते पाहायला हवे. त्यांच्या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहिले. त्याची आजची आवृत्ती, आरएफसी ५३२१, २००८ सालची आहे. पाठवणारा सर्व्हर आधी आपली ओळख सांगतो, मग पत्र कोणाकडून आणि कोणासाठी हे सांगतो, मग मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब ठेवतो. त्यावर घेणारा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. आकडा ५ ने सुरू झाला तर पत्र घेणार नाही. ४ ने सुरू झाला तर आत्ता जमत नाही, नंतर या. आणि २५० म्हणजे मिळाले.

हा २५० फार गंभीर शब्द आहे. तो उच्चारला की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे येते आणि पाठवणारा आपली प्रत पुसायला मोकळा होतो. यंत्र नंतर कोलमडले, अशा कारणासाठीही घेतलेले पत्र हरवता कामा नये, असे नियम बजावतो. उलट घेणारा बंदच असेल तर पाठवणारा पत्र आपल्या रांगेत ठेवतो, पुन्हा पुन्हा येऊन पाहतो आणि साधारण चार-पाच दिवस प्रयत्न सोडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दोन-तीन दिवस बंद असलेल्या सर्व्हरची पत्रे सहसा हरवत नाहीत, ती उशिरा येतात. हरवते ते पत्र, ज्याची पोच दिली गेली आणि जे प्रत्यक्षात कुठेच लिहिले गेले नव्हते.

ही व्यवस्था भारतात आली तीही अशाच अडखळत्या तारांवरून. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या कामातून जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. साध्या टेलिफोनवर मोडेम लावायचा, लाइन लागली की साठलेली पत्रे एकदम द्यायची-घ्यायची. लाइन तुटणारच, हे गृहीत धरूनच सारे बेतलेले होते. सामान्य ग्राहकाला विदेश संचार निगमकडून इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. साठवा आणि पुढे द्या, हे तत्त्व मात्र आजही तेच आहे.

आता मोजमापाकडे येऊ. मित्राचा सर्व्हर बसवल्यावर मी रीतसर चाचणी घेतली होती. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरबरोबर खोटी पत्रे भराभर पाठवणारा एक छोटा प्रोग्राम मिळतो, तो वापरून सेकंदाला किती पत्रे स्वीकारली जातात ते पाहिले. पहिला आकडा अगदी किरकोळ आला. मी यंत्राच्या मांडणीत शिरलो. डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर एक पर्याय बंद दिसला, तो सुरू केला आणि आकडा कित्येक पटींनी वाढला. मी खूश झालो आणि कागदावर तो मोठा आकडा लिहून मित्राला दिला.

तेव्हाच एक साधा हिशेब करायला हवा होता. त्या सर्व्हरमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्क होत्या. म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. पत्र खरोखर डिस्कवर लिहून, लिहिले गेल्याची खात्री करून मगच पुढचे घ्यायचे, असे एकामागून एक काम केले तर एका फेऱ्याला एक पत्र, म्हणजे सेकंदाला १२० च्या आसपासच मर्यादा पडते. प्रत्यक्षात एका पत्रासाठी एकाहून अधिक वेळा लिहावे लागते, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. अनेक पत्रे एकदम आली तर एका फेऱ्यात बरीच लिहिता येतात, जशी एका होडीतून बरीच माणसे किल्ल्यावर जातात, आणि आकडा पुन्हा चढतो. पण मी एकेक पत्रच पाठवत होतो आणि तरीही उत्तर १२० च्या कितीतरी पुढे होते. डिस्क त्याहून वेगाने फिरत नव्हती. तेव्हा कोणीतरी न लिहिताच 'लिहिले' म्हणत होते.

ते त्या कार्डावरचे तात्पुरते स्मरण होते. व्यावसायिक सर्व्हर घरगुती संगणकापेक्षा महाग असतो त्याची कारणे अशा भागांतच असतात. त्यात चूक दुरुस्त करणारी रॅम असते, वीज पुरवणारे दोन स्वतंत्र संच असतात, आणि डिस्कच्या कार्डावर बॅटरीच्या आधाराने टिकणारे स्मरण असते. ही बॅटरी धड असेल तर कार्डाने आधी 'लिहिले' म्हणणे प्रामाणिक असते; वीज गेली तरी मजकूर कार्डावर तगून राहतो आणि नंतर डिस्कवर उतरतो. पण जुन्या यंत्रातली ती बॅटरी मेलेली होती. म्हणूनच कार्डाने वेगाचा पर्याय आपणहून बंद ठेवला होता. मी तो बळेच सुरू केला होता. पोच खोटी ठरली, कारण ती मीच खोटी करून ठेवली होती.

हा प्रश्न फक्त आडगावचा नाही. लाइव्हजर्नल या संकेतस्थळाच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५ साली, डिस्क खोटे बोलते का हे पकडणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याची रीत सोपी आहे. सर्व्हर डिस्कवर लिहीत राहतो आणि प्रत्येक 'लिहिले' दुसऱ्या यंत्राला कळवत राहतो. मध्येच सर्व्हरची वायर उपटायची. तो पुन्हा सुरू झाला की दुसऱ्या यंत्राकडच्या पोचा आणि डिस्कवरचा मजकूर ताडून पाहायचा. पोच आहे पण मजकूर नाही असे एक जरी निघाले, तरी वेगाचा आकडा फाडून टाकावा. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असली तरी हा प्रश्न सुटत नाही. वीज जाताच हातातले काम पुरे करण्याइतका साठा ठेवणारे कपॅसिटर प्रत्येक एसएसडीत नसतात.

दुसरी फसगत सरासरीची. मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. पाण्याची सरासरी खोली विचारून कोणी तांडेल होडी आत घालत नाही. कुठे सर्वांत कमी पाणी आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. सर्व्हरचेही तसेच. शंभर पत्रांतल्या नव्वदांना पाव सेकंद आणि दहांना वीस सेकंद लागले, तर सरासरी सव्वादोन सेकंदांच्या आत येते आणि कागदावर बरी दिसते. ज्या दहांना ताटकळावे लागले त्यांचे काय? म्हणूनच स्पेक या संस्थेने २००१ साली मेल सर्व्हरसाठी जी प्रमाण चाचणी ठरवली, तिच्यात मिनिटाला किती पत्रे एवढेच विचारले नाही. ९५ टक्के उत्तरे पाच सेकंदांच्या आत आली पाहिजेत, अशी अट त्या आकड्याला जोडली. अट पाळली गेली नाही तर आकड्याला किंमत नाही.

तिसरी फसगत, यंत्र पूर्ण भरून चालवता येईल या समजुतीची. १९०९ मध्ये कोपनहेगनचे ए. के. एरलांग यांनी टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले, त्या परंपरेतले एक सोपे सूत्र इथे पुरते. कामे वाटेल तेव्हा येत असतील आणि ती करणारा एकच असेल, तर निम्मा भार असताना एका कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० टक्क्यांवर दहापट, ९५ टक्क्यांवर वीसपट. शेवटचे पाच-दहा टक्के फार महाग पडतात. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी हे प्रत्येकाला शिकवले आहे.

याच्या जोडीला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम ठेवावा. जेटीवर मिनिटाला ५ माणसे येत असतील आणि प्रत्येकाला होडीसाठी १२ मिनिटे थांबावे लागत असेल, तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी ६० माणसे उभी दिसतील. समजा, सर्व्हरकडे सेकंदाला २० पत्रे येतात आणि विषाणू व कचरापत्रे तपासायला प्रत्येकी ३ सेकंद लागतात. एका वेळी ६० पत्रे हातात. प्रत्येकाला ५० एमबी रॅम लागली तर ३ जीबी. तपासणीचा वेळ १० सेकंद झाला की २०० पत्रे आणि १० जीबी. यंत्रात ८ जीबीच असेल तर ते डिस्कवर उसनी जागा शोधू लागते आणि सारेच रांगायला लागते. चाचणीत सगळी पत्रे दोन ओळींची आणि तपासणी बंद ठेवलेली असेल, तर हा कडा दिसतच नाही. माझ्या चाचणीत नेमके तसेच होते.

शेवटचा प्रश्न, मोजायचे कुठे? मालवणातून कोल्हापूरला दिवसात किती ट्रक जातील हे हमरस्ता ठरवत नाही, घाट ठरवतो. ईमेलमध्ये छायाचित्र जोडताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते, आणि तीन बाइटचे चार बाइट होतात. ६ एमबीचे चित्र ८ एमबीचे होते, म्हणजे ६४ मेगाबिट. बाहेर जाणारी लाइन सेकंदाला १० मेगाबिटची असेल तर एका पत्राला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतात, आणि मिनिटाला अशी नऊच पत्रे जातात. मग सर्व्हर सेकंदाला शंभर पत्रे हाताळतो की हजार, याने न्याहारी-निवासवाल्याला काय फरक पडतो?

हा हिशेब मी मित्रासमोर बसून केला. त्यांच्या सर्वांच्या मिळून दिवसभराच्या ईमेल काही शेकड्यांत होत्या. सेकंदाला तीसच पत्रे घेणारा प्रामाणिक सर्व्हरही तासाला १,०८,००० पत्रे घेतो. म्हणजे ज्या वेगासाठी मी पोच पणाला लावली, त्या वेगाची गरज कधीच नव्हती.

आम्ही कार्डाची बॅटरी बदलली. ती येईपर्यंत वेगाचा पर्याय बंद ठेवला. मग चाचणी पुन्हा घेतली, या वेळी खऱ्या आकाराची पत्रे, चालू तपासणी आणि मधोमध उपटलेली वायर, अशी. वायर उपटण्याचे काम मित्रानेच केले. तीन वेळा केले. तिन्ही वेळा पोचा आणि पत्रे जुळली. आकडा माझ्या पहिल्या कागदापेक्षा बराच लहान होता. तोच आता सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे आणि त्याखाली बॅटरी पुन्हा तपासण्याची तारीख लिहिली आहे.

पुण्याच्या त्या बाईंना मित्राने फोन करून चूक आमची होती असे सांगितले. त्या दिवाळीत त्यांची सोय दुसरीकडे झाली होती. पुढच्या वेळी येऊ म्हणाल्या, आणि ईमेल न करता फोनच करीन, असेही म्हणाल्या.