पाठीची नोंद
जांघेतील धमनीतून बारीक कॅथेटर सरकवीत थेट यकृतापर्यंत न्यायचे, गाठीला रक्त पुरविणाऱ्या शाखेत औषध सोडायचे आणि मग ती शाखाच बंद करायची, हा उपचार कॅथलॅबच्या शिसेयुक्त काचेआडून पाहत असता एक गोष्ट मनाला लागून राहते : खोलीतील प्रत्येकाची दृष्टी पडद्यावर खिळलेली असते, आणि क्ष-किरणांचा सर्वाधिक भार मात्र मेजाखालून येऊन रुग्णाच्या पाठीवरील वीतभर त्वचेवर पडत असतो, जिकडे त्या वेळी कोणाला पाहताही येत नाही.

त्या त्वचेवर किती किरणमात्रा पडली याची ग्रे या एककात खबर देणारा पडद्याकडेचा आकडा मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. किरण किती मिनिटे चालले एवढ्यावरून मात्रेचा अंदाज बांधता येत नाही. देह स्थूल असला वा सी-आर्म, म्हणजे क्ष-किरण यंत्राचा कमानी हात, फार तिरका धरला, की यंत्र आपण होऊन किरण वाढविते.

एकदा अशाच एका उपचारात "सर, तीन ग्रे झाले," अशी तंत्रज्ञबाईंनी हाक दिली. डॉक्टरांनी पेडलवरचा पाय उचलला. पडद्यावर राहिलेल्या शेवटच्या चित्रावरूनच पुढची वाट ठरविली. किरणांचे सेकंदाचे 15 स्पंद 7.5 वर आणविले. डिटेक्टर पोटाच्या अगदी निकट घेतला, किरणांची चौकट आवळली, आणि सी-आर्मचा कोन बदलून त्याच त्वचेवरचा मारा थांबविला.

एवढी तजवीज करूनही अवघड रोहिणीजालात आकडा पाच ग्रेंपलीकडे जातो, तसा तो त्या दिवशी गेला. दोन ग्रेंच्या सुमारास उमटणारी लाली काही तासांत येऊन ओसरते. मात्रा सहा ग्रेंच्या घरात गेली, तर खरा दाह सुमारे दहा दिवसांनी प्रकटतो, आणि त्याहून पुष्कळ मोठ्या मात्रेची जखम कित्येक आठवड्यांनी. अशा इजांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1994 सालीच जाहीर इशारा दिला होता.

"मावशी, दोन आठवड्यांनी आणि पुन्हा महिन्याने काकांच्या पाठीची उजवी बाजू नीट बघा, चट्टा दिसला तर लगेच फोन करा," असे डॉक्टरांनी रुग्णाच्या पत्नीस सांगितले व डिस्चार्ज कार्डावर मात्रेचा आकडा लिहिला. माणसे घाबरतील या सबबीवर तो आकडा यंत्राच्या दप्तरीच राहू देणे, ही मला अक्षम्य हयगय वाटते. कारण पुढे तो चट्टा पाहणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञास हा इतिहास ठाऊक नसेल, तर निदानासाठी तो तेथील तुकडा काढील, आणि किरणांनी दुबळी झालेली ती त्वचा पुन्हा भरून येईलच असे नाही.