आठनं भागा, मग भांडा!

मैत्रिणींनो, भाजीवाल्यानं काटा जरा इकडेतिकडे केला तर आपल्या नजरेतून सुटत नाही. सोनाराकडे तर ग्रॅमच्या पुढच्या आकड्यांवरही आपलं लक्ष असतं. पण दर महिन्याला इंटरनेटचे पैसे भरताना मात्र ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय’ म्हणून सगळं मुलांवर नाहीतर ह्यांच्यावर सोडून देतो. खरं तर हेही मापच आहे, आणि त्याला लागतो फक्त आठाचा पाढा.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी परवा तावातावानं सांगत होत्या, ‘शंभरचा प्लॅन घेतलाय आणि मुलगा सिनेमा उतरवून घेतो तेव्हा कॉम्प्युटर बाराच दाखवतो. बाकीचे अठ्ठ्याऐंशी गेले कुठं?’ नेटवाल्याला फोन लावायच्याच बेतात होत्या. म्हटलं, वहिनी, थांबा. आधी आठनं भागा.

त्याचं असं आहे. नेटवाले वेग सांगतात तो मेगाबिटमध्ये, आणि फाइल उतरताना कॉम्प्युटर दाखवतो तो बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये. नावं जुळ्या बहिणींसारखी, पण मापं वेगळी. आठ बिट मिळून एक बाइट होतो. आपल्या आज्यांच्या वेळी चार शेरांची पायली असायची, म्हणजे अर्ध्या शेराचं माप आठ वेळा ओतलं की एक पायली. तसंच हे. दुकानदार सांगतोय अर्ध्या शेरात आणि आपण मोजतोय पायलीत, मग आकडा कमी दिसणारच! इंग्रजीत लिहिलेलं असेल तर खूण सोपी आहे : एका पोटाचा छोटा बी म्हणजे बिट आणि दोन पोटांचा मोठा बी म्हणजे बाइट.

आता हिशेब बघा. शंभर भागिले आठ, साडेबारा. त्यातलं थोडं माप पाकिटावरच्या पत्त्यासारख्या मजकुरात जातं, म्हणून पडद्यावर साडेअकरा-बारा दिसतात. म्हणजे वहिनींना माल पुरेपूर मिळत होता. असंच ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, २०० चा म्हणजे २५, ३०० चा म्हणजे साडेसदतीस. हजार मेगाबाइटचा सिनेमा १०० च्या प्लॅनवर साधारण दीड मिनिटात उतरायला हवा. टेलिफोनवरून नेट लावायचो तेव्हाचा ५६ किलोबिटचा मोडेम आठवतोय? आठनं भागलं तर सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट! २००४ साली सरकारनं ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरवलं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. आकडे वाढले, पण आठाचा पाढा काही बदलला नाही.

पण मैत्रिणींनो, आठनं भागूनही हिशेब जुळला नाही तर? मग बघायची ती वायर.

माझ्या एका मैत्रिणीनं मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी १०० चा प्लॅन २०० चा करून घेतला. महिन्याला अडीचशे रुपये जास्त, म्हणजे वर्षाचे तीन हजार. वेग मात्र ९४ च्या पुढे हलेना. मी तिला राउटरची मागची बाजू बघायला सांगितलं. वायर खुपसायची ती भोकं असतात ना, त्यांना पोर्ट म्हणतात. साध्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, बऱ्यापैकी राउटरचे १०००चे, त्यालाच गिगाबिट पोर्ट म्हणतात. तिचे निघाले १०० चे. आता हंडाभर पाणी छोट्या नरसाळ्यातून ओतलं तर धार नरसाळ्याएवढीच पडणार! शिवाय ह्या वायरीच्या पोटात आठ तारा असतात. १०० च्या वेगाला चार पुरतात, हजारच्या वेगाला आठही धड लागतात. एखादी तार तुटली किंवा नीट बसली नाही, तर नवा राउटरसुद्धा १०० वर येऊन बसतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यानंही भुलू नका. ‘३००’ किंवा ‘१२००’ असं जे लिहिलेलं असतं तो बिनतारी वेग असतो, तोही कागदावरचा. १२०० म्हणजे तर दोन वेगवेगळ्या लहरींची बेरीज, आपला एक मोबाइल एका वेळी त्यातली एकच वापरतो. मध्ये भिंत आली की आणखी घट. आणि असा ३०० लिहिलेला राउटर उलटा करून पाहिला तर मागचे पोर्ट कित्येकदा १०० चेच असतात! म्हणून दुकानात एकच विचारायचं, ‘पोर्ट शंभरचे का हजारचे?’

तक्रार करण्याआधी घरच्या घरी एवढं करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून राउटरची वायर थेट त्याला लावा. लॅपटॉपला वायरीची जागा आहे ना आणि तीही १०० चीच नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. घरातले बाकीचे मोबाइल नेटवरून काढा आणि वेग मोजा. वेग मोजणाऱ्या साइट बहुधा मेगाबिटच दाखवतात, तिथे भागाकार नको, आकडा सरळ प्लॅनशी ताडून बघा. फाइल उतरतानाचा मेगाबाइटचा आकडा असेल तर त्याला आठनं गुणा. वायरीवर वेग पुरा आला आणि मोबाइलवर कमी, तर अडचण घरातल्या वाय-फायची. राउटर जरा मधल्या खोलीत, उंचावर हलवून बघा. वायरीवरही शंभराच्या आसपासच अडलं, तर पोर्ट आणि तारा तपासा. आणि पोर्ट, तारा ठीक असून वायरीवर वेग कमीच भरला, तर मात्र खुशाल फोन लावा. ‘नेट स्लो आहे हो’ असं म्हणू नका. ‘दोनशेचा प्लॅन आहे, वायरीवर साठ मेगाबिट येतात’ असं म्हणा. समोरच्याला मग टोलवाटोलवी करता येत नाही.

त्या मैत्रिणीनं पुढच्या महिन्यात प्लॅन परत १०० चा करून घेतला. मुलीचा क्लास तेवढ्यात छान चालतो. वर्षाचे तीन हजार वाचले. तुमच्याही घरी आज एकदा राउटर उलटा करून बघा तर!