भिलाई : पिढीजात भट्टीचं गाव

भिलाईत जुना वाडा किंवा जुनी पेठ शोधायला जाऊ नये. देवबलोद्याचं कलचुरीकालीन शिवमंदिर सोडलं, तर हे शहर आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं आहे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आखीव सेक्टर, त्यांतली क्वार्टर्स, मधोमध सिव्हिक सेंटर आणि सेक्टर ९चं मोठं हॉस्पिटल बघताना वाटतं, की इथलं सगळं सरकारी आराखड्यातूनच उतरलं आहे. एक गोष्ट मात्र त्या आराखड्याच्या कितीतरी आधीची आहे, ती म्हणजे लोखंड गाळण्याचं काम. हे काम घराण्यांनी करायचं, आजानं नातवाला शिकवायचं.

कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी इथून दक्षिणेला आहेत. आज त्या बालोद जिल्ह्यात येतात, एकोणिसाव्या शतकात हा मुलूख रायपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग होता. भिलाई आज ज्यात आहे, तो दुर्ग जिल्हा झाला १९०६मध्ये. शेजारच्या गावाचं नावच डौंडी-लोहारा. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७मध्ये याच पश्चिम भागातल्या लोहउद्योगावर लिहिलं, ते इथल्या गावभट्ट्यांबद्दल. उत्तरेला मैकल डोंगररांगेत हेच काम अगरिया जमातीचे लोक करत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४२मध्ये त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, म्हणून आज आपल्याला ते एवढे तरी माहीत आहेत.

त्यांची भट्टी मातीची, जेमतेम माणसाच्या छातीएवढी. आत लाकडी कोळसा आणि फोडून बारीक केलेला दगड यांचे थर. खाली कातड्याचे दोन भाते, ते पायांनी दाबायचे. एक पाय खाली गेला की दुसरा भाता बांबूच्या ताणानं वर उचलला जातो. भाता चालवण्यात घरातल्या बाईचाही पाय असे. तासन्‌तास ही पायपीट चालली की मळी वाहून जाते आणि तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. तो घणाखाली घालायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा घण. एवढ्या खटाटोपातून निघणार काय, तर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा. लोखंड इथं वितळून पाण्यासारखं वाहत नाही, तेवढी आच या भट्टीला नसतेच. म्हणून सगळी मदार हातावर आणि नजरेवर. जाळाचा रंग ओळखणं शाळेत शिकवता येत नाही, ते बापाशेजारी बसूनच येतं. भट्टीत लोहासुर राहतो, अशी अगरियांची श्रद्धा. त्याला नैवेद्य दिल्याशिवाय काम सुरू होत नसे.

हा धंदा भिलाईच्या कारखान्यानं बुडवला, असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. जंगलकायद्यांनी कोळशाचं लाकूड महाग झालं, भट्टीवर कर बसला आणि बाजारात परदेशी लोखंड स्वस्तात आलं. कारखाना यायच्या कितीतरी आधी बहुतेक भाते थंडावले होते.

मधल्या काळातला एक प्रसंग आपल्या नागपूरचा आहे. टाटांचे तज्ज्ञ सी. एम. वेल्ड १९०३मध्ये चांदा जिल्ह्यातलं लोहारा धुंडाळत होते. खनिज चांगलं, पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा नाही. नाद सोडायची वेळ आली होती. दोराबजी टाटा नागपुरात सचिवालयात भेटीसाठी थांबले असताना वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात शिरले. तिथल्या भूगर्भीय नकाशावर दुर्गचा भाग गडद रंगवलेला त्यांना दिसला. वेल्ड दल्ली-राजहराला पोचले, खनिज पाहून हरखले, आणि तरीही परत फिरले. जवळ योग्य कोळसा नव्हता, पाण्याचीही सोय नव्हती. १९०४मध्ये त्याच बोस यांनी मयूरभंजच्या डोंगरांबद्दल टाटांना पत्र लिहिलं आणि पोलाद जमशेदपूरला गेलं. दुर्गच्या वाट्याला अर्धशतकाची प्रतीक्षा आली. माझ्या मते भिलाईच्या इतिहासाचं पहिलं पान मॉस्कोत शोधण्याआधी अजब बंगल्यात शोधावं.

१९५५नंतर कोळसा रेल्वेनं आणला, पाणी तांदुला धरणातून घेतलं. देशभरातून माणसं आली, विदर्भातूनही आली आणि इथलीच झाली. मग या नव्या गावातही लोखंड पुन्हा घराण्यात शिरलं. वडील बीएसपीत, म्हणजे भिलाई स्टील प्लांटमध्ये, मुलगाही बीएसपीत, ही इथली साधी ओळख. रेल्वेचे रूळ ही भिलाईची खासियत. २६० मीटर लांबीचे जोडरूळ इथून निघतात. रुळावरून गाडी गेली की ‘हा आमचा’ म्हणणारी माणसं प्रत्येक सेक्टरात भेटतील. सर्वात मोठ्या झोतभट्टीचं नाव महामाया, आकारमान ४,०६० घनमीटर. लोहासुराची जागा देवीनं घेतली म्हणायची.

पण ही दुसरी परंपराही आता सैल होत चालली आहे. कायम नोकऱ्या घटल्या, कंत्राटी मजूर वाढले. आणि भट्टीवरच्या बापालाच मुलानं भट्टीवर यायला नको आहे. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी हा भिलाईचा नवा घरगुती उद्योग आहे, शिकवण्यांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. आता तर गावाला स्वतःची आयआयटी आहे. शिकून निघालेली मुलं बेंगळुरू, पुण्याकडे जातात. रिकाम्या होणाऱ्या क्वार्टरांच्या दारांवर तेवढी कुलपं लागतात.

राजहराचं चांगलं खनिजही संपत आलं आहे. भिलाईची नजर आता आणखी दक्षिणेच्या रावघाटावर आहे आणि त्यासाठी दल्ली-राजहराहून तिकडे रेल्वेमार्ग टाकायला घेतला.