अंगठा लावला, पुढे काय?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की लोकलमध्ये नेटवर्क जातं, ऐकायला जमत नाही, वाचायला काहीतरी द्या. म्हणून हे लिखित रूप. बोलताना मी जिथे भरकटलो होतो ते थोडं छाटलंय, थोडं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. सरकारी माणूस जागेवर नसतो, ही तक्रार आपण सगळेच करतो. त्यावर सरकारकडे हल्ली एक ठरलेलं उत्तर असतं: मशीन बसवा, ॲप काढा, हजेरी ऑनलाइन करा. मी स्वतः पोटापाण्यासाठी डॅशबोर्ड बनवणारा इंजिनिअर आहे, त्यामुळे हे उत्तर मला आवडायला हवं. पण याने खरंच फरक पडतो का? गंमत म्हणजे यावर मत देत बसायची गरजच नाही. आपल्याच देशात हे मोजून झालंय, आणि तेही नीट. ॲपवाले लोक ए/बी टेस्ट करतात ना, अर्ध्या युजर्सना नवीन बटण दाखवायचं आणि अर्ध्यांना जुनं, तसंच. काही केंद्रं चिठ्ठी टाकावी तशी निवडायची, तिथे बदल करायचा, बाकीची होती तशी ठेवायची आणि मग दोन्हीकडे काय झालं ते बघायचं.

सुरुवात राजस्थानातल्या उदयपूरपासून. 2000 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या खेड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांवर संशोधकांची माणसं दर आठवड्याला न सांगता जाऊन बघायची. कामाच्या वेळेतही उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडली. मग सेवा मंदिर ही तिथली संस्था, जिल्ह्याचं आरोग्य खातं आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर हे अर्थतज्ज्ञ यांनी मिळून 2006 मध्ये एक प्रयोग केला. (यातल्या पहिल्या दोघांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं.) उपकेंद्रावरच्या नर्सबाईंना तारीख आणि वेळ छापणारं मशीन दिलं. ठरलेल्या दिवशी तीनदा रजिस्टरवर शिक्का मारायचा. निम्म्याहून जास्त खाडे झाले तर पगार कापला जाणार. नर्सबाईंना लसीकरण, गृहभेटी, मीटिंग यासाठी बाहेर जावंच लागतं, म्हणून जिथे एकच नर्स होती तिथे फक्त सोमवार धरला. सोमवारी केंद्रावरच बसायचं, हे आधीच ठरलेलं.

पहिले काही महिने प्रयोग झकास चालला. मशीन असलेल्या केंद्रांवर नर्सबाईंची हजेरी इतर केंद्रांच्या जवळपास दुप्पट झाली. इथेच कोणी प्रेझेंटेशन केलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

पण साधारण सहा महिन्यांनंतर चित्र बदलायला लागलं. रजिस्टरमध्ये 'हजर' आणि 'गैरहजर' याशिवाय आणखी नोंदी असत. एक 'मशीन बिघडलं', आणि दुसरी 'सूट', म्हणजे वरिष्ठांनी परवानगी दिलेला दिवस. सूट असेल तर पगार कापायचा नाही. हळूहळू सूट वाढत गेली. सोळाव्या महिन्यापर्यंत मशीन असलेली आणि नसलेली केंद्रं यांत काही फरकच उरला नाही. कागदावर गैरहजेरी वाढलेली दिसत नव्हती, कारण ती दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली होती! आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, पण एक एक्सेप्शन ठेवलं होतं आणि सगळं ट्रॅफिक तिथून जायला लागलं. ते एक्सेप्शन नर्सबाईंच्या हातात नव्हतं हे लक्षात घ्या. सूट द्यायचे ते त्यांचे वरिष्ठ. संशोधकांनी पेपरला नाव दिलं ते मराठीत 'मढ्याला मलमपट्टी' असं होईल. इतकं वैतागलेलं शीर्षक मी अर्थशास्त्रात दुसरं पाहिलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, शिक्क्याचा जमाना गेला, आता बायोमेट्रिक आहे. तेही करून झालंय. कर्नाटक सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रांवर अंगठ्याची मशीन्स बसवली, डेटा रोजच्या रोज थेट बेंगळुरूला. अभ्यासात 322 केंद्रं होती, त्यातल्या 140 ठिकाणी मशीन. निकाल मिश्र आला. नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांची हजेरी वाढली आणि त्या भागात कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं. हे काही कमी नाही, त्यामुळे 'मशीन म्हणजे फालतूपणा' असं मी अजिबात म्हणणार नाही. पण डॉक्टरांच्या हजेरीत काही फरक पडला नाही. डेटा वर पोचत होता, पण त्यावर कडक कारवाई करायला सरकारच कचरत होतं. खेड्यात जायला डॉक्टर मुळात मिळत नाहीत. रजा कापली आणि त्याने नोकरीच सोडली तर? म्हणजे मशीनचा धाक बसला तो खालच्या पगारावर काम करणाऱ्यांना. ज्याच्याकडे दुसरी नोकरी तयार आहे, त्याला अंगठ्याची काय भीती?

तेलंगणातला प्रयोग मला जास्त हुशार वाटतो, कारण तिथे कर्मचाऱ्याचा अंगठा मागितलाच नाही. 2018 मध्ये रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यांना एकरी 4000 रुपयांचे चेक वाटायचे होते, सुमारे 57 लाख शेतकरी. काही मंडलांतल्या (आपल्या तालुक्यासारखा, पण लहान भाग) कृषी अधिकाऱ्यांना फक्त एवढंच सांगितलं, की आम्ही शेतकऱ्यांना फोन करून विचारणार आहोत, चेक मिळाला का म्हणून. तेवढ्यावर चेक न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या 7.8 टक्क्यांनी कमी झाली. आकडा लहान वाटेल, पण खर्च बघा: जास्तीचे 100 रुपये पोचवायला साडेतीन-पावणेचार रुपये. हजेरी मोजली नाही, काम झालं का ते मोजलं, आणि ज्याचं काम होतं त्यालाच विचारलं.

आता मला खरं ज्याबद्दल बोलायचं होतं तिथे येतो: अंगणवाडी.

वरच्या सगळ्या प्रयोगांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, की माणूस जागेवर आला की काम होईल. पण माणूस जागेवर आहे, दिवसभर राबतोय, आणि तरी काम होत नाहीये, असं असेल तर? अंगणवाडी योजना सुरू झाली 1975 मध्ये. एका अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस. पोरांना खाऊ घालायचं, वजन-उंची घ्यायची, लसीकरणाला बायकांना जमवायचं, गरोदर बायकांच्या घरी जायचं, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवायचं आणि हे सगळं लिहून ठेवायचं. रजिस्टरंच 11! यात शिकवणं मागे पडणार हे सांगायला संशोधक कशाला हवा? खाऊ आज दिला नाही तर आज बोंब होते, आणि रजिस्टर भरलं नाही तर सुपरवायझर विचारते. पोराला आज गाणं शिकवलं नाही तर कोणी विचारत नाही.

तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गॅनिमियन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी सरकारबरोबर 320 अंगणवाड्यांत एक प्रयोग केला. ॲप नाही, मशीन नाही. निवडलेल्या अंगणवाड्यांत अर्धवेळ एक बाई वाढवली, फक्त शिकवायला. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने परीक्षा घेतली. जे मूल एरवी 100 मुलांत बरोबर मधोमध, म्हणजे तळापासून पन्नासावं असतं, ते गणितात साधारण एकसष्टावं आणि भाषेत सदुसष्ट-अडुसष्टावं होईल, एवढा फरक. (हे रूपांतर माझं आहे. पेपरमध्ये प्रमाण विचलनात 0.29 आणि 0.46 असे आकडे आहेत.)

पण मला थांबवलं ते पुढच्या निकालाने. त्या अंगणवाड्यांत उंची खुंटलेली आणि तीव्र कुपोषित मुलंही कमी आढळली. नवीन बाईचं काम आहाराचं नव्हतंच! झालं असं, की तिने वर्ग सांभाळला, त्यामुळे जुन्या सेविकेला आहार आणि आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. म्हणजे आधी ती कामचुकार होती म्हणून हे राहत नव्हतं. दिवस संपत होता म्हणून राहत होतं.

आता महाराष्ट्रात या. 2021 मध्ये केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर हे ॲप आणलं आणि सेविकांनी सगळी नोंद त्यात करायची असं ठरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. तक्रारी अशा: फोन जुने, मेमरी कमी, हँग होतात, दुरुस्तीला पदरचे पैसे जातात आणि ॲप इंग्रजीत. तेव्हा कुठल्याशा ग्रुपवर मी वाचलेलं, 'यांना काम नको असतं.' मला तो मेसेज एखाद्या बग रिपोर्टला 'युजरचीच चूक' म्हणून क्लोज करण्यासारखा वाटला. हे लिहून देणाऱ्या बायकांना पगार नाही, मानधन मिळतं. 2018 पासून केंद्राचा हिशेब महिन्याला 4500 रुपयांचा, वर राज्य आपली भर घालतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ऐकायलाही त्यांना 2022 पर्यंत, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

तुमच्यातले जे माझ्यासारखे असली ॲप्स बनवतात, त्यांच्यासाठी मी हल्ली मीटिंगमध्ये विचारतो ते दोन प्रश्न सांगतो. नवीन फील्ड कंपल्सरी करताय, तर भरायला किती सेकंद लागतात आणि ते सेकंद कुठल्या कामातून जाणार? आणि आकडा लाल झाला, तर सकाळी उठून नक्की कोण काय करणार? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते, मग कोणीतरी चहा मागवतं.

पुढच्या एपिसोडमध्ये परत राजस्थानात जाऊ, यावेळी पोलीस ठाण्यांत. शिपायांना आठवड्याची सुट्टी द्यायची आणि ऊठसूट बदल्या थांबवायच्या, असा प्रयोग तिथे झाला होता. दोन्हीतली एकच गोष्ट टिकली. कुठली, ते ओळखून कमेंटमध्ये लिहा.