दोन सोंगट्यांची उंची

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. "ताई, तुमचा एक जुना चार्जर माझ्याकडे पडलाय, घेऊन जा. दुकान बंद करतोय."

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका इमारतीत, जिन्याखालच्या जेमतेम जागेत, भाऊंनी वीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त केले. मी गेले तेव्हा मायक्रोस्कोप खोक्यात गेला होता, हॉट एअर गनची वायर गुंडाळून ठेवली होती. टेबलावर फक्त स्क्रूंचे डबे उरले होते. "गिऱ्हाईक येतं अजून," भाऊ म्हणाले, "पण उघडून करण्यासारखं आत काही उरलं नाही."

माझा नवा लॅपटॉप मी मुद्दाम सोबत नेला होता. बोटभर जाडीचा, ताकदवान प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड. थ्री-डी मॉडेल उघडलं की पाच मिनिटांत कीबोर्डच्या वरची पट्टी इतकी तापते, की तिथे बोट टेकवत नाही. सर्व्हिस सेंटरने दोनदा तपासून एकच सांगितलं, "मॅडम, नॉर्मल आहे." भाऊंनी तो पालथा केला, तळाच्या जाळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ते खोटं बोलत नाहीत. पण पूर्ण खरंही सांगत नाहीत."

त्या उरलेल्या खऱ्याबद्दल मी तेव्हापासून विचार करते आहे.

उष्णतेची गोष्ट सांगायची, तर नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. टेबलाखाली डेस्कटॉपचं कॅबिनेट असायचं, उन्हाळ्यात त्याची एक बाजू उघडी टाकून समोर टेबल फॅन लावायचा, की काम चालू. उष्णतेला जायला जागा होती, त्यामुळे तिचा विचार करावा लागत नव्हता.

नाशिककर काळ सिंहस्थाने मोजतो. माझं लॅपटॉपचं दशकही तसंच, बारा वर्षांचं आहे, २००३ च्या सिंहस्थापासून २०१५ च्या सिंहस्थापर्यंत. २००३ मध्ये मी नोकरी सोडून सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांसाठी जिग्ज आणि फिक्श्चर्स डिझाइन करायला लागले. ड्रॉइंग कारखान्यातच, मशीनशेजारी उभं राहून दुरुस्त करावं लागतं, म्हणून लॅपटॉप घेतला. साडेतीन किलोचा. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले होते. एकावर गिगाहर्ट्झचा आकडा मोठा, दुसऱ्यावर लहान आणि किंमत जास्त. "मॅडम, मोठा आकडा म्हणजे मोठा वेग," असं त्याने छातीठोक सांगितलं आणि मी विश्वास ठेवला.

ते साफ चूक होतं, आणि विकणाऱ्यांना ते माहीत असायला हवं होतं. इंटेलने मार्च २००३ मध्येच पेंटियम एम हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला होता. इस्रायलमधल्या हैफा इथे त्याची रचना झाली होती. तो सुमारे २५ वॉटमध्ये काम करायचा आणि दीड-पावणेदोन गिगाहर्ट्झवर चालूनही बऱ्याच कामांत कितीतरी मोठ्या आकड्याच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या बरोबरीने पळायचा. दुसरीकडे फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीची उष्णता शंभर वॉटच्या आसपास पोचली होती. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये गुंडाळला. जी शर्यत बनवणाऱ्यांनीच सोडून दिली, त्या शर्यतीतले आकडे आमच्या गळ्यात बांधले गेले. वीस वर्षं झाली, मला त्याचा राग अजून आहे.

शर्यत सोडण्याचं कारण मला खूप उशिरा कळलं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेला तर त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे चिपच्या तेवढ्याच जागेत निघणारी उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हा हिशोब जमला. २००५ च्या आसपास तो बिघडला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण प्रत्येकातून थोडी थोडी वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी खाली आणता येईना. तेव्हापासून वेग वाढवायचा म्हणजे उष्णता वाढवायची. संगणक बनवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. विकत घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

त्याच वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग होतं. संध्याकाळी वीज गेली की छताचा पंखा थांबायचा, गल्ली शांत व्हायची आणि अंधाऱ्या खोलीत फक्त लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज उरायचा. मी मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, अशी बसायचे. तळाच्या जाळीतून हवा आत जाते, ती उशीने बंद होते, हे मला कळत नव्हतं. एका मे महिन्यात अंबडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ऑपरेटर मशीन थांबवून उभा होता, मी एका भोकाचा टॉलरन्स बदलत होते आणि स्क्रीन काळी झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मालक म्हणाला, "मॅडम, कागदावर काढून द्या." मी कागदावर काढून दिलं, घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं म्हणून भाऊंकडे गेले.

त्यांनी टेबलावर 'सकाळ' पसरला, लॅपटॉप पालथा ठेवला आणि बॅटरी काढली. बॅटरी तेव्हा दोन खिट्ट्या सरकवल्या की हातात यायची. निघालेले स्क्रू त्यांनी कागदावर ज्या जागचे त्या जागी मांडले, जणू लॅपटॉपचा नकाशा. पंख्याचं झाकण उघडलं आणि पंखा व तांब्याच्या पात्यांच्या मध्ये मला एक करडा पट्टा दिसला. मला वाटलं तो फिल्टर आहे. भाऊंनी चिमट्याने ओढला तर तो अखंड बाहेर आला, घोंगडीच्या तुकड्यासारखा. कारखान्यांतली धूळ, उशीचा कापूस, माझे केस. हवा जायला वाटच नव्हती. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती त्यांनी स्पिरिटने पुसली, ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि ती चपटी तांब्याची नळी मला हातात दिली. "ही भरीव नाही, ताई. आत थोडंसं पाणी आहे." नळीतली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे प्रोसेसरकडच्या टोकाला पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ पंख्याकडच्या टोकाला पळते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि आतल्या बारीक जाळीतून परत येतं. दिवसभर, विनाआवाज. इतकी सुंदर गोष्ट माझ्या दप्तरात वर्षभर होती आणि मी तिचा श्वास कोंडून ठेवला होता.

निघताना त्यांनी ड्रॉवरमधून कॅरमच्या दोन सोंगट्या काढून दिल्या. मागच्या दोन पायांखाली ठेवायला. खालून हवा खेळायला तेवढी उंची पुरते. पैसे घेतले दोनशे.

पुढची आठ-नऊ वर्षं दर एप्रिलला मी भाऊंकडे जात राहिले. उन्हाळ्यापूर्वी घागरी, माठ धुवून ठेवावेत तसा लॅपटॉप साफ करून घ्यायचा. मधल्या काळात त्यांच्याकडे दुसरीच गर्दी वाढली. जुलै २००६ पासून युरोपाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसं वापरायला बंदी घातली आणि जगभरचं डाग देण्याचं मिश्रण बदललं. जुनं १८३ अंशांना वितळायचं, नवं साधारण २१७ ला. नव्याचा स्वभाव कळायला उद्योगाला वेळ लागला. तापणं-निवणं, तापणं-निवणं या चक्रात चिपखालचे सूक्ष्म सांधे तडकत. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही ग्राफिक चिप्समधल्या कमकुवत साहित्यापायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. म्हणजे उष्णतेने बिघाड होतो हे कंपन्यांच्या हिशोबाच्या वहीत लिहिलं गेलं होतं. गावोगावी दुरुस्तीवाले हॉट एअर गनने बोर्ड शेकून द्यायचे. भाऊ स्पष्ट सांगायचे, "शेकून दिलं तर दोन-तीन महिने चालेल. रीबॉलिंग करून घ्या." माझ्या शहरातल्या खऱ्या कौशल्यांत मी रीबॉलिंगची गणना करते. मोहरीपेक्षाही लहान, शेकडो गोळ्या एका चिपखाली ओळीने बसवायच्या आणि एकही हलू द्यायची नाही. त्या कौशल्याची दखल कोणी घेतली नाही.

मग जाडीची लाज वाटायला लावणारे दिवस आले. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक हे नाव आणलं आणि जाडी ०.८ इंचाच्या आत हवी असं सांगितलं. एका मोठ्या कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याने मीटिंगमध्ये माझ्या लॅपटॉपकडे बघून विचारलं, "मॅडम, अजून ही वीटच?" सगळे हसले. मी त्यांना सांगायला हवं होतं की तुमच्या पत्र्याखाली दुपारी अडीच वाजता ही वीटच काम करते. सांगितलं नाही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर बॅरिकेड लागले होते तेव्हा मी पहिला पातळ लॅपटॉप घेतला, आणि त्यात त्या हसण्याचाही वाटा होता.

पातळ करण्यासाठी काय काय गेलं ते भाऊंच्या टेबलावर मी एकेक करून पाहिलं. पंखा चपटा झाला, म्हणून तेवढीच हवा हलवायला तो जास्त वेगाने आणि जास्त आवाजात फिरू लागला. तांब्याच्या पात्या कमी झाल्या. रॅम बोर्डवर डागली गेली. खिट्टीची बॅटरी गेली आणि गोंदाने चिकटवलेली आली. नंतरची वर्षं मला एकसारखीच वाटतात, दरवर्षी थोडं पातळ, थोडं गरम. २०१८ च्या उन्हाळ्यात कोअर आय-नाइनचा मॅकबुक प्रो तापून मंदावतो म्हणून बोभाटा झाला आणि ॲपलला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं, एवढंच आठवतं. नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र ॲपलच्याच एम-वन चिपने विनापंख्याचा एअर पळवून दाखवला. कमी विजेत जास्त काम करून घेणं हा खरा मार्ग, हे पेंटियम एमने सतरा वर्षं आधी सांगितलं होतंच. पण आमची बरीचशी थ्री-डी सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात, म्हणून मी आहे तिथेच आहे.

मग माझा लॅपटॉप तापतो ही अडचण आहे की नाही? प्रोसेसर तापणं ही अडचण नाही. तो शंभर अंशांच्या आसपासपर्यंत चालण्यासाठीच बनलेला असतो आणि मर्यादा आली की स्वतःहून वेग कमी करतो. तो जळणार नाही. सर्व्हिस सेंटरचं अर्धं खरं ते हे.

उरलेलं अर्धं असं. वेग कमी करतो म्हणजे जाहिरातीतला वेग मला पहिलं मिनिटभर मिळतो. पत्र लिहिणाऱ्याला तेवढं पुरतं. माझं स्ट्रेस ॲनालिसिस पाऊण तास चालतं, आणि त्यातली चव्वेचाळीस मिनिटं मी दुसऱ्याच, मंद लॅपटॉपवर काम करत असते. किंमत मात्र पहिल्या मिनिटाची मोजलेली असते. दुसरं म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरून सतत चार्जरला लावून ठेवली तर आणखी लवकर. दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या लॅपटॉपचा टचपॅड दाबला जाईना. खाली बॅटरी उशीसारखी फुगली होती. गोंदाने चिकटवलेली, म्हणून कीबोर्डसकट वरचं सगळं झाकण बदलावं लागेल, असं सांगण्यात आलं. तिसरं, अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची खोली ३५ अंशांपर्यंतचीच धरलेली असते. हवा खायला मुंबईकर देवळालीला यायचे ते हे नाशिक. आता आमच्या मे महिन्याची दुपार चाळिशी गाठते, पत्र्याखाली त्याहून जास्त. नॉर्मल कोणत्या खोलीतलं, हा प्रश्न काउंटरवर विचारला तर समोरचा मुलगा गोंधळतो. त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं आहे.

दुरुस्तीकडे सरकारांचं लक्ष आता कुठे जातंय. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचा गुणांक छापायला लावला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. पुढचा सिंहस्थही २०२७ चाच. खिट्टीची बॅटरी परत आली, तर ती बदलून द्यायला भाऊ कॅनडा कॉर्नरला नसतील.

त्या दिवशी चार्जरबरोबर त्यांनी मला पुन्हा दोन सोंगट्या दिल्या, एक काळी, एक पांढरी. गेल्या मंगळवारी मी एक फिक्श्चरचं ॲनालिसिस दुपारी अडीचला लावलं. ४७ मिनिटं लागली. तेच पहाटे तीनला लावलं, गंगापूर रोडकडची खिडकी उघडी, मागे दोन सोंगट्या. आपलं गाव सहाशे मीटर उंचीवर आहे, दिवस कसाही असो, पहाट अजून गार असते. ३६ मिनिटांत संपलं. मी वरच्या पट्टीला बोट लावून पाहिलं आणि बोट टेकवलं तसंच ठेवलं.