मुळशीच्या मापाने मर्केल

2011 च्या जनगणनेत मुळशी तालुक्याची लोकसंख्या भरली सुमारे 1.7 लाख. हेच माप घेऊन जर्मनी मोजायला बसलं, तर तिथली 8.3 कोटी माणसं म्हणजे पावणेपाचशेहून जास्त मुळशी. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार अँगेला मर्केल यांनी चान्सलर म्हणून 22 नोव्हेंबर 2005 पासून 8 डिसेंबर 2021 पर्यंत सलग पाहिला, म्हणजे 5,860 दिवस. माजी चान्सलर हेल्मुट कोल यांचा विक्रम जेमतेम दहाएक दिवसांनी हुकला. त्याच काळात आपल्याकडे विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, देवेंद्र फडणवीस आणि उद्धव ठाकरे असे पाच मुख्यमंत्री झाले, शिवाय दोनदा राष्ट्रपती राजवट लागली.

2015 या एकाच वर्षात सुमारे 8.9 लाख निर्वासित आश्रय मागत जर्मनीत पोचले. पाच मुळशी तालुके गावंच्या गावं रिकामी करून दारात येऊन उभे राहिले, असं समजा. मर्केलनी दार लावून घेतलं नाही. त्याची किंमतही चुकवावी लागली: 2013 मध्ये संसदेत एकही जागा नसलेल्या कडव्या उजव्या पक्षाने 2017 मध्ये 94 जागा मिळवल्या.

विजेचा हिशेब याहून मोठा. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून घाटाखाली रायगडातल्या भिऱ्याला जातं आणि तिथे सुमारे 300 मेगावॅट क्षमतेचं वीजकेंद्र चालवतं. 2011 मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या या बाईंनी काही महिन्यांत देशातल्या सगळ्या 17 अणुभट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. एकूण क्षमता 20,000 मेगावॅटच्या घरात, म्हणजे साठाहून जास्त भिरा. शेवटच्या तीन भट्ट्या त्यांच्यामागे, एप्रिल 2023 मध्ये विझल्या. दरम्यान गॅससाठी रशियावरचं अवलंबित्व निम्म्याहून वर गेलं होतं, आणि 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा ते भलतंच महागात पडलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत कच्ची बाजू हीच.

पण मुळशीत बसून पाहताना अचंबा वाटतो तो त्या 5,860 दिवसांचाच. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. राज्यात 27 हजारांहून अधिक ग्रामपंचायती, म्हणजे एका वेळी साडेतेरा हजारांच्या पुढे महिला सरपंच. आकडा डोळे दिपवणारा आहे, फक्त सरपंचपद पाच वर्षांचं. पुढच्या सोडतीत आरक्षण फिरतं आणि कामाला नुकती सरावलेली बाई बहुधा घरी जाते. मर्केलइतका काळ गाठायला तिला तीन पूर्ण मुदती आणि वर एक वर्ष लागेल.

वर मंत्रालयात तर हिशेबच सोपा. 1 मे 1960 पासून 1 मे 2025 पर्यंत 23,741 दिवस झाले, त्यात महिला मुख्यमंत्र्यांचे दिवस शून्य. शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 ते 1979 मुख्यमंत्री होत्या, तीही सहा वर्षं पुरी भरली नाहीत.

मर्केलना मागे टाकणारी बाई आपल्याकडे शोधायचीच, तर थेट अहिल्यादेवी होळकरांपर्यंत जावं लागतं. जन्म आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा, राज्य माळव्याचं, 1767 ते 1795, दिवस दहा हजारांच्या वर. निवडणूक मात्र त्यांना लढवावी लागली नव्हती.